लष्कराच्या भाकऱ्या

आधी ती खिडकी लावून घ्या, मग सांगते. तिसऱ्या मजल्यावरची ती इंजिनिअरिंगची मुलगी आहे ना, चार दिवस घराबाहेर होती. परराज्यात! त्यातले 36 तास तर सलग डोळ्याला डोळा नाही. बरोबर कॉलेजातले पाच जण. आणि तिच्या आईने काय करावं? हात धरून थांबवायचं सोडून डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या भरून दिल्या. वर म्हणते कशी, "हॅकेथॉन आहे हो तिची." जशी काही मंगळागौरच जागवायला निघाली होती.

हॅक म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. बँकेच्या मेसेजांनी आपल्याला हॅक म्हणजे पैसे गेले एवढंच शिकवलंय. म्हणून हॅकेथॉन या शब्दाचं कुळ शोधलं, तर तेही धड निघेना. 1999 च्या जूनमध्ये कॅनडातल्या कॅल्गरीत दहा जण एका छपराखाली जमले आणि ओपनबीएसडी नावाच्या प्रणालीवर काम करत बसले. अमेरिकेत का नाही? तर सांकेतिक कुलपांची सॉफ्टवेअर देशाबाहेर पाठवायला तिथल्या कायद्याची आडकाठी होती. म्हणजे पहिल्याच बैठकीत कायद्याला वळसा! आणि एवढं करून बनवलेली वस्तू जगाला फुकट. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची ही खोड तेव्हापासूनची आहे.

बरं, कोणी दटावेल म्हणावं, तर खुद्द सरकारचाच हात पाठीवर. 2017 पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन भरते. मंत्रालयं आपापल्या अडचणींची यादी काढतात आणि पोरांसमोर ठेवतात. आमच्या वेळी सरकारला प्रश्न विचारला की वडील आधी दार लावून घेत. आता सरकारच पोरांना विचारतंय, बाबांनो, हे आमच्याच्याने होत नाही, तुम्ही बघता का? नियम वाचून तर मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. टोळी सहा जणांची, आणि त्यात एक तरी मुलगी असलीच पाहिजे. लेखी नियम, बरं का! सॉफ्टवेअरवाल्यांची 36 तासांत सुटका तरी होते, हार्डवेअरवाल्यांचा मुक्काम पाच दिवस. 2024 साली जिंकणाऱ्या टोळीला लाख रुपये होते, सहांत वाटले की माणशी सोळा-सतरा हजार. आमची भिशी परवडली, निदान रात्री झोप तरी मिळते.

परत आली तेव्हा मी जिन्यातच गाठलं तिला. म्हटलं, "काय गं, एवढं जागून केलंस तरी काय?"

"गटारात माणूस उतरायच्या आधी आतला विषारी वायू ओळखणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर, काकू."

सकाळची वेळ, माझ्या हातात परडीत देवाची फुलं, आणि ही गटाराचं बोलतेय. मी म्हटलं, "अगं, संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे ना?"

"आहे ना. तरी उतरवतात."

एवढं बोलून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलीसुद्धा. मी आपली परडी घेऊन तिथेच.

मग घरात येऊन वाचत बसले. बाकीचं सोडा, हे मात्र कान देऊन ऐका. 2015 साली केरळात कोझिकोडला मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार गुदमरले. रस्त्याने जाणारा एक रिक्षावाला त्यांना काढायला आत गेला, तोही गेला. तिघं. त्याच केरळात इंजिनिअरिंग करून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांनी मग नोकरीची सरळ वाट सोडून बॅंडिकूट नावाचा यंत्रमानव बनवला. बॅंडिकूट म्हणजे आपली घूस! पाय रोवून ती मॅनहोलमध्ये उतरते, आतला गाळ बादलीने उपसते, आणि माणूस वर उभा राहून पडद्यावर बघत तिला चालवतो. 2018 पासून ती कामाला लागली. पूर्वी जे आत उतरायचे, त्यांनाच ती चालवायचं शिकवतात. आता सांगा, चांगल्या घरच्या मुलांनी असले धंदे करावेत? आणि आपण इतकी वर्षं झाकणावरून चालत गेलो, आपल्याला कोणी काही म्हणालं का?

असल्या पोरांचं वयही दिवसेंदिवस खाली चाललंय. तामिळनाडूतल्या तिरुवन्नामलईची विनिशा उमाशंकर, बारा वर्षांची असताना इस्त्रीवाल्याला कोळसा टाकताना बघून अस्वस्थ झाली. आपण काय बघतो? साडीला डाग पडला का ते. हिने उन्हावर चालणारी इस्त्रीची गाडी काढली. पाच तास ऊन खाऊन इस्त्री सहा तास चालते. पंधराव्या वर्षी, 2021 साली, ग्लासगोच्या हवामान परिषदेत पुढाऱ्यांना पोकळ आश्वासनांबद्दल सुनावून आली. थोरामोठ्यांसमोर!

हे सगळं लांबचं म्हणून मी गप्प होते. पण परवा साथ आपल्या दारात आली. तिसरा मजला फोन घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात! "काकू, आवाज दान करा." रक्तदान ऐकलं, नेत्रदान ऐकलं, हे कुठलं? तर म्हणे यंत्राला मराठी कळावी म्हणून लोकांचे आवाज गोळा करतात. सरकारच्या भाषिणीचं भाषादान आहे, मोझिलाचं कॉमन व्हॉइस आहे. यंत्राची पंचाईत मोठी आहे हो. 'चार' आणि 'चारा', अक्षर एक आणि च दोन. कानावर पडल्याशिवाय कळणार कसं? आणि तरुण शहरी पोरांचेच आवाज ऐकत राहिलं तर आपल्यासारखीचं बोलणं त्याला कळायचंच नाही. उद्या दवाखान्याचा नंबर लावायला यंत्राशी बोलावं लागलं तर आपण "हॅलो, हॅलो" करत बसायचं.

शेवटचं पटलं, म्हणून बसले. पडद्यावर वाक्य आलं: 'कृपया माझी मदत करा.' मी स्पष्ट वाचलं, "कृपया मला मदत करा."

"काकू, बाद."

"का गं?"

"लिहिलंय तसं वाचायचं."

"पण लिहिलंय ते चूक आहे!"

"असू दे. यंत्राला समोरचं वाक्य आणि तुमचा आवाज जुळवायचाय."

दुसऱ्यांदा वाचलं तर मधेच कुकरची शिट्टी. बाद. तिसऱ्यांदा जीभ आपोआप "मला" म्हणाली. बाद. 31 वर्षं मराठी शिकवली मी, एका पोराला चुकीचं वाक्य पुढे नेऊ दिलं नाही, आणि माझ्याच ओट्यापाशी उभी राहून ही मला शुद्ध वाचलं म्हणून नापास करतेय!

उद्या पुन्हा येते म्हणालीय. चार वाजता, कुकर लावायच्या आधी. तुम्ही त्या वेळी बेल वाजवू नका.