कुंडीत लावलेलं कलम 20

नेरळ सोडलं की कर्जतपर्यंत आणि तिकडे चौकपासून खोपोलीपर्यंत, दर वळणाला एक फाटक आणि फाटकामागे एक शेठ. शेठ शुक्रवारी रात्री येतो, रविवारी संध्याकाळी जातो. मधले पाच दिवस झाडांना पाणी घालतो तो वाडीवरचा केअरटेकर. अशाच एका शेठने मला परवा चौकला आपल्या गच्चीवर नेलं आणि आवाज बारीक करून चार कुंड्या दाखवल्या. 'ऑटो आहे,' म्हणाला. मी आधी फाटकाकडे रिक्षा शोधली.

प्रकरण गांजाचं होतं. हे झाड एरवी दिवस लहान होऊ लागले की फुलतं. ऑटो जातीला दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नाही, वय झालं की फुलली. हा गुण रुडेरालिस नावाच्या ठेंगण्या रशियन रानगांजाचा, ज्याचं बारसं शास्त्रज्ञांनी 1924 साली केलं. अडीच-तीन महिन्यांत खेळ खलास. सांगताना शेठच्या चेहऱ्यावर शोध लावल्याचं तेज.

'आमच्याकडे याला हळवं म्हणतात,' मी म्हणालो. जुना गरवा भात दिवस आखडल्याशिवाय निसवत नसे. हळवा आपले दिवस मोजतो नि निसवतो. कर्जतचं भात संशोधन केंद्र 1919 पासून भाताच्या जातींवर काम करतंय. तिथे कोणी आवाज बारीक करत नाही.

कायद्याला मात्र हळवं-गरवं कळत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात कॅनाबिस वंशातलं कुठलंही झाड ते गांजाचंच झाड. लागवडीला कलम 20 : 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, 1 लाखापर्यंत दंड. 'एक किलोपर्यंत थोडकं असतं ना?' शेठने विचारलं. ती सवलत जवळ सापडलेल्या मालाची. लावलेल्या झाडाला तो तराजू नाही. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून घरात 3 झाडं चालतात, हेही त्याने दोनदा ऐकवलं. चालतात. पण चौक जर्मनीत नाही. शिवाय कलम 46 म्हणतं, आपल्या जमिनीत असं झाड दिसलं तर जमीनमालकानेच पोलिसांना खबर द्यायची. शेठने स्वतःविरुद्ध वर्दी द्यायची, असा हा मामला.

एवढ्यात केअरटेकर झारी घेऊन वर आला. पानांकडे बघून म्हणाला, 'शेठ, अंबाडी बरी आलीय. खुडू का भाजीला?' चूक त्याची नाही. अंबाडीचं पान इतकं सारखं की तिच्या शास्त्रीय नावातच 'कॅनाबिनस' आहे.

शेठ हसला. मला हसू येईना. बुधवारी छापा पडला तर शेठ मुंबईत मीटिंगमध्ये असेल आणि कुंडीपाशी झारी घेऊन हाच उभा असेल.

तेव्हा शेठ, कुंड्या आजच रिकाम्या करा. हळव्याची हौसच असेल तर कर्जत-3 भाताचं बी आणा. आणि त्या माणसाला खरी अंबाडी लावून द्या, बिचारा भाजीची वाट बघतोय.