शताब्दी बॅच

आमच्या भावोजींना माणसाचं आडनाव, गाव, गोत्र यांत काडीचा रस नाही. नवी ओळख झाली की त्यांचा पहिला प्रश्न, "शाळा कुठली?" समोरचा बापडा "फर्ग्युसन" म्हणाला, तर शांतपणे म्हणतात, "कॉलेज नाही विचारलं. शाळा." रिक्षावाले, सोसायटीचे चेअरमन, भाचीला बघायला आलेली मंडळी, यातून कोणीच सुटलेलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी टेबलावर आडवे असताना त्यांनी डॉक्टरांनाही विचारलं. डॉक्टर नूमविचे, म्हणजे प्रतिस्पर्धी शाळेचे निघाले. त्यानंतर लगेच भूल चढली म्हणून बरं. शुद्धीवर आल्यावर ताईला पहिलं वाक्य हेच : "नूमविचा आहे, पण हात चांगला आहे."

भावोजी स्वतः रमणबागेचे. पाटीवर न्यू इंग्लिश स्कूल असलं तरी त्याच नावाची शाळा टिळक रोडवरही आहे, म्हणून पुण्यात रमणबागच म्हणायचं. १९८० साली शाळेला शंभर वर्षं झाली, तेव्हा हे आठवीत होते. या योगायोगात त्यांचं कर्तृत्व शून्य. तरी तेव्हापासून ते स्वतःला 'शताब्दी बॅच' म्हणवून घेतात. आधीचे सगळे 'शताब्दीपूर्व'. ते भेटले की वाकून नमस्कार. नंतरचे सगळे अरे-तुरे, मग तो जिल्हाधिकारी का असेना. ताई अहिल्यादेवीची, म्हणजे त्याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या मुलींच्या शाळेची. लग्नाच्या वेळी पत्रिकेत काहीतरी खुसपट निघालं होतं. भावोजी म्हणाले होते, "ग्रहांचं सोडा, संस्था जुळतेय ना?"

इतिहास ते पुस्तकातला सांगत नाहीत, स्टाफरूमच्या दाराला कान लावून ऐकल्यासारखा सांगतात. टिळक त्यांच्या लेखी लोकमान्य नंतर, आधी गणिताचे सर. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली, टिळक आणि नामजोशींना बरोबर घेतलं आणि जानेवारी १८८० मध्ये शाळा काढली. आगरकर एम.ए. होऊन पुढच्या वर्षी आले. "आगरकरांची लेट अ‍ॅडमिशन," भावोजी म्हणतात, जणू फॉर्मवर सही यांचीच होती. १८८१ मध्ये केसरी निघाला, ते शाळेचं भित्तिपत्रक, जरा जास्त वाढलेलं. १८८५ मध्ये फर्ग्युसन निघालं, ती आपल्या मुलांची मॅट्रिकनंतरची सोय. कोल्हापूर प्रकरणाच्या बदनामी खटल्यात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे भावोजींच्या भाषेत, "दोन सर रजेवर होते." आणि लगेच पुढे, "पण पोर्शन राहिला नाही!" हे त्यांना कोणी सांगितलं, कोण जाणे.

आपटे सरांचा मात्र त्यांना अजून धाक वाटतो. वामन शिवराम आपटे, ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही संस्कृतवाल्यांच्या टेबलावर असतो, ते या शाळेचा कारभार बघत. १८९२ मध्ये वारलेल्या माणसाला १९८२ मध्ये दहावी झालेल्या माणसाने घाबरायचं कारण एवढंच, की भावोजींना संस्कृतात पस्तीस मार्क होते. त्यावर त्यांनी स्वतःपुरता दिलासा शोधून ठेवलाय. गोपाळ कृष्ण गोखले १८८५ मध्ये या शाळेत शिक्षक म्हणून लागले, ते महिना पस्तीस रुपयांवर. "मला संस्कृतात पस्तीस, गोखल्यांना पगार पस्तीस. आकडा वाईट नाही."

जहाल-मवाळ वाद काँग्रेसमध्ये सुरू झाला असं तुम्ही-आम्ही समजतो. भावोजींना ते मान्य नाही. "टिळक गणिताचे. गोखल्यांनी तर अंकगणिताचं पुस्तकच लिहिलं. एका स्टाफरूममध्ये दोन गणितवाले! फाटणारच." टिळकांनी १८९० च्या डिसेंबरात लांबलचक राजीनामा लिहिला आणि ते संस्थेतून बाहेर पडले. वाद पैशांचा होता, बाहेरची कामं करावीत की नाही याचा होता, तत्त्वाचा होता. भावोजींच्या मते मात्र खरं कारण स्टाफरूममधल्या कपाटाची किल्ली. या किल्लीचा पुरावा अजून कोणाला सापडलेला नाही. विषय काढला की ते डोळे बारीक करून म्हणतात, "लिहून कोण ठेवणार?"

ही बडबड ऐकून मी वैतागतो, हे खरं. पण मागे एका बारशाला एक तरुण बाप आपल्या मुलाच्या खासगी शाळेची फी, तिची एसी बस, तिचा घोडेस्वारीचा वर्ग असं सगळं ऐकवत होता. मला वाटलं, आता भावोजी सुटणार. ते सुटले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "खासगी आमचीही होती बरं का. सरकारची नको म्हणूनच काढलेली. संस्थेचे आजीव सभासद झाले, की वीस वर्षं बांधून घ्यायचे स्वतःला. महिना पंच्याहत्तर रुपये. विद्वान माणसं, कुठेही चौपट मिळाले असते." आणि मग जिलेबी मागितली. त्या दिवसापुरती मी त्यांना कपाटाची किल्ली माफ केली.

खेळाच्या बाबतीत त्यांना काहीच माफ करता येत नाही. भावोजी खो-खो खेळत. नूमविविरुद्धच्या एका सामन्यात ते दोन मिनिटं दहा सेकंद पळाले, असं ताईच्या लग्नात मी पहिल्यांदा ऐकलं. दर दिवाळीला ही पळती थोडी थोडी वाढते. परवा ती साडेचार मिनिटांवर गेली. डाव नऊ मिनिटांचा असतो ही एकच अडचण आहे. पंचाहत्तरीपर्यंत भावोजी ती गाठतील. ज्याने त्यांना बाद केलं तो नूमविचा गडी आज त्यांचा जिवलग मित्र आहे, दर रविवारी चहाला येतो. तो म्हणतो, "अरे, मी खांबाजवळ नुसता उभा होतो, तूच येऊन आदळलास." यावर भावोजींचं उत्तर ठरलेलं : "नूमवि १८८३ ची. तीन वर्षांनी धाकटी. धाकट्यांना असंच बोलायची सवय असते."

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भावोजी टीव्हीपुढे मांडी घालून बसले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडी घालायची नव्हती, पण खुर्चीत बसून खो-खो बघणं त्यांना अशिष्ट वाटतं. मैदान मॅटचं आहे हे बघून त्यांनी हाय खाल्ली. "माती कुठाय? अंगाला माती लागल्याशिवाय सूर मारला हे कळणार कसं?" भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं, तेव्हा मात्र ते टाळ्या वाजवत उठले आणि मग उठल्याबद्दल कळवळले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. पुढचा अर्धा तास भावोजी फोनवर होते. दोघांची शाळा कुठली, याचा तपास चालू होता.

गणपतीत त्यांना आवरणं हे ताईचं वार्षिक काम. रमणबागेचं ढोल-ताशा पथक निघालं की भावोजींच्या हाताला कंप सुटतो. डॉक्टरांनी, म्हणजे त्या नूमविच्या डॉक्टरांनी, ढोल बांधायला सक्त मनाई केली आहे. त्यामुळे ते लक्ष्मी रोडच्या फुटपाथवर उभे राहून वादन तपासतात. "डावीकडच्या रांगेचा टोल उशिरा पडतोय." "ताशा पळतोय, ताशा पळतोय!" त्या गदारोळात हे शेजारच्यालाही ऐकू जात नाही, पण हे कर्तव्य म्हणून बोलत राहतात. नूमविचं पथक आलं की खिशातून मोबाइल काढून त्यात बघतात. बोटं मात्र तेवढा वेळ ताईच्या खांद्यावर ठेका धरून असतात. ताई मला नंतर सांगते, "त्यांच्या पथकाला जास्त जोरात वाजवतात रे हे."

आता मुलगा न्यू जर्सीत असतो. यंदा नातवाला तिथल्या शाळेत घातलं, त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मीही होतो. सुनेने कौतुकाने फोन फिरवून सगळं दाखवलं : मोठं क्रीडांगण, भिंतीवर शाळेच्या वाघाचं चित्र, कपाटभर ट्रॉफ्या, पूर्वीच्या मुख्याध्यापकांच्या तसबिरी. भावोजी चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येक तसबीर न्याहाळत होते. यातले गणिताचे कोण, तेवढं त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "स्थापना कधीची?"

"आम्हीही विचारलं, बाबा. तुम्ही विचारणार हे माहीत होतं. १८९४."

भावोजींनी मनात वजाबाकी केली. चेहरा एकदम मऊ झाला.

"नवीनच आहे की," ते म्हणाले. "असू दे. सुधारेल."