मनाली–लेह सायकलवारी हमखास कशी फसवावी

सुरुवात सरावापासून करा. पुण्यात राहत असाल तर दर रविवारी सिंहगड चढा, वर पिठलं-भाकरी हाणा आणि हिमालय खिशात आला असं समजा. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटरवर आणि मनाली, जिथून चढ सुरू व्हायचाय, ती २००० मीटरवर. हा हिशेब ग्रुपवर टाकू नका. लोकांचा विरस होतो.

सामानात पॉवरबँक, ड्रोन, लेहमध्ये फडकवायचा भगवा सगळं घ्या. डिरेलरचा हँगर तेवढा विसरा. बोटाएवढी ॲल्युमिनियमची पट्टी ती! सायकल उजव्या कुशीवर पडली की आधी तीच वाकते. फ्रेम वाचावी म्हणून तिला मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. फ्रेमगणिक तिचा आकार वेगळा, त्यामुळे केलाँगच्या बाजारात ती मिळण्याची आशा सोडा. ती किंचित वाकली असताना गिअर कुरकुरतो. तिकडे काणाडोळा करा. पुढच्या खड्या चढाला सगळ्यात हलका गिअर टाका, की डिरेलर आत जाऊन स्पोकमध्ये अडकेल. खाडकन आवाज आला म्हणजे जमलं.

नाले दुपारीच ओलांडावेत. सकाळी पाणी घोट्याएवढं असतं, त्यात काय मजा? उन्हं चढली, वरचा बर्फ वितळला, की तोच नाला मांडीला लागतो. तेव्हा निवांत उठा, ढाब्यावर मॅगी सांगा, पुन्हा चहा सांगा.

आता मुख्य कलाकृती. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामाहून फार तर ५०० मीटर उंच असावा, असं डॉक्टर सांगतात. त्यांना काय, त्यांना रजा मिळते! तुमचा अर्ज मोजून मंजूर झालाय, म्हणून जिस्पाहून थेट सरचू गाठा. म्हणजे सुमारे ३२०० मीटरवरून ४३०० वर, मध्ये ४९०० च्या आसपासचा बारालाचा ला. रात्री डोकं ठणकलं तर हेल्मेट घट्ट बसलं होतं म्हणा. उलटी झाली तर मॅगीवर ढकला.

सरचूची खरी खुबी पहाटे कळते. उंची सोसली नाही तर खाली उतरणं हाच उपाय, पण इथून रस्त्याने खाली जायचं तर आधी वर चढावं लागतं: मागे बारालाचा, पुढे गाटा लूप्सची एकवीस वळणं आणि मग पाच हजारी लाचुंग ला. नियोजन करणाऱ्याला याच वेळी झोपेतून उठवून नकाशा दाखवा.

मग मनालीकडे परतणाऱ्या ट्रकला हात करा. डोकं धरून बसलेल्याला केबिनमध्ये बसवा, सायकली हौद्यात टाका. टाकताना डिरेलरची बाजू वर ठेवावी. तो आता तुटलेलाच आहे, पण फोटोत बरं दिसतं.