काही न येणारा घोडा

भोसरी ते चाकण या पट्ट्यात घोडे मोजले जातात ते इंजिनातले. किती हॉर्सपॉवर, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण पोरीच्या हट्टापायी एखाद्या सुखवस्तू बापाने ड्रेसाजसाठी खरा घोडा घ्यायचं मनावर घेतलं, की हे सगळं ज्ञान पार्किंगमध्येच राहतं आणि तो विक्रेत्याच्या तोंडाकडे बघू लागतो. माझं म्हणणं असं, की घोडा स्थानिक विक्रेत्याकडूनच घ्यावा, फक्त तो ज्याचं कौतुक करील तो सोडून. यात विक्रेता खोटं बोलतो असा आरोप नाही. तो खरंच बोलतो, आणि तिथेच सगळी पंचाईत आहे.

ड्रेसाज म्हणजे २० बाय ६० मीटरच्या आखलेल्या मैदानात, कडेच्या अक्षरांपाशी, सांगितलेली चाल सांगितल्या जागी करून दाखवणं. प्रत्येक कृतीला ० ते १० गुण, आणि स्वार काही करतोय असं दिसताही कामा नये. आता दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या घोडेबाजारात बघा. तिथे भाव चढतो तो उंचीला, रंगाला, पंचकल्याणी खुणांना, मानेवरच्या देवमन भोवऱ्याला. परीक्षकांच्या कागदावर भोवऱ्याचा रकानाच नसतो. त्याहून मोठी कौतुकाची गोष्ट म्हणजे रेवाल चाल. पाण्याने भरलेला पेला घेऊन बसा, थेंब सांडणार नाही, असं सांगतात, आणि ते बरंचसं खरंही आहे, कारण त्या चालीत एका अंगाचे पाय जवळजवळ जोडीने पडतात. ड्रेसाजला मात्र दुडकी लागते, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय एकदम. पेल्यातलं पाणी राहतं, गुण तेवढे सांडतात.

यावर कुणी म्हणेल, वरातीतली घोडी जागच्या जागी नाचते, आणि ऑलिंपिकचे घोडेही जागच्या जागी दुडकतात. मग घोडं अडतंय कुठे? अडतंय मागच्या पायांत. ऑलिंपिकचा घोडा वर्षानुवर्षांच्या सरावाने भार मागे घेऊन शांतपणे पावलं उचलतो. वरातीतली घोडी लगाम खेचलेला आणि कानाशी ताशा अशा कात्रीत सापडून पाय आपटते. तिचं तोंड लगामाला बधिर झालेलं असतं. खेड-मावळातल्या बैलगाड्यापुढच्या घोडीची तऱ्हा उलटी. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ ला शर्यतींचा कायदा उचलून धरल्यापासून तिचा भाव आणि रुबाब दोन्ही आहेत. पण मागे गलका झाला की जीव खाऊन पळायचं, हे तिचं शिक्षण. ड्रेसाजच्या मैदानात टाळ्या पडल्या तर ती पोरीसकट थेट मोशीला पोचेल.

दुसरा आक्षेप जड आहे. २०२३ च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण घेतलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनी आलेलं, आणि ते घेणारे घोडे युरोपात तयार झालेले होते. मग देशी बाजाराची पायरी चढायचीच कशाला? कबूल, पण ते आशियाई स्पर्धेला निघाले होते. आपली पोर अजून सरळ रेषेत जाऊन चार पायांवर नीट थांबण्याच्या परीक्षेला निघाली आहे. त्यातून जर्मन गाडीचे सुटे भाग चाकणला आणून जोडता येतात, जर्मन घोड्याला ती सोय नाही. शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा हा बरा मध्यममार्ग, त्याची दुडकी सरळ असते. फक्त पायांची तपासणी विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे, आपल्या डॉक्टरकडून करावी. पाय मिनिटभर दुमडून धरायचा, सोडताच घोडा कडक जमिनीवर दुडकवायचा, लंगडला तर नमस्कार.

उरला तो खरा उमेदवार. चार-पाच वर्षांचा, मध्यम उंचीचा, मातकट रंगाचा, शेजारी ट्रॅक्टर सुरू झाला तरी कडबा न सोडणारा. तो ओळीत शेवटी बांधलेला असतो. त्याच्याकडे बोट दाखवलं की विक्रेता ओशाळून म्हणतो, "शेठ, तो राहू द्या, त्याला काही येत नाही." तिथेच खिशात हात घालावा. बिघडलेलं काढून टाकण्याचे पैसे वाचतात, आणि प्रशिक्षकाला ते काम नव्याने शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं. अडचण इतकीच, की असे दोन-चार शेठ लागोपाठ आले तर बाजाराला सुगावा लागायला वेळ लागत नाही. पुढच्या यात्रेला नाचरी घोडी मागे बांधली जाईल आणि दलाल छातीवर हात ठेवून सांगेल, "काय वाट्टेल ते करून बघा शेठ, हिला काहीच येत नाही. गॅरंटी!"