भरल्या पोटी

पट्टीश्वरम्‌ला आमच्या मामांच्या घरून आजवर कोणी अर्धपोटी गेलेलं नाही. पेपेरोमियाची तीन रोपं गेली, तीसुद्धा भरल्या पोटी.

घराणं व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ तंजावरला आलेलं. राज्य १८५५ साली खालसा झालं. आग्रह अजून चालू आहे. कॉफीच्या वाटीवर, डबऱ्यावर, हात आडवा धरावा, तर मामा बोटांच्या फटीतून कॉफी ओततात.

चौथं रोप मीच कुंभकोणमहून नेलं. वीतभर उंची, जाड पानं, त्यांवर कलिंगडाच्या सालीसारखे पट्टे. उत्साहाच्या भरात बोलून गेलो, "मामा, हे विड्याच्या पानाच्या कुळातलं. मिरीचंही भावंड." तिथंच फसलो. कुंभकोणमच्या मुलखात विड्याचं पान म्हणजे घरचं माणूस, आणि पानमळ्याला तर सदा ओल लागते. "मग सोयऱ्यातलंच की!" म्हणत मामांनी तांब्या उचलला.

मी परोपरीनं सांगितलं. याचे भाऊबंद अमेरिकेतल्या जंगलात झाडाच्या खोडावर, मूठभर पालापाचोळ्यात राहतात. मुळं इवलीशी, पाण्याचा साठा पानात. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. मामांनी बोट पुढं केलं. मातीला टेकायच्या आधीच त्यांना ते कोरडं लागलं.

त्यांचं निदान ठरलेलं असतं. पान वाकलं की तहान, पिवळं पडलं की भूक, गळलं की दृष्ट. मुळं कुजल्यानंही पान वाकतं, हे सांगून पाहिलं. "कुजेल कशानं? मी रोज पाणी घालतो!" रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ; तेव्हा मामींना घेऊन ते दुर्गेला लिंबाचे दिवे लावायला जातात. आठवड्यात तेवढाच दीड तास त्या मुळांना श्वास मिळतो.

उजेडाचं मात्र लगेच ऐकलं. खिडकीपाशी ठेवा, पण थेट ऊन नको, म्हटल्याबरोबर टीव्ही कोपऱ्यात गेला. मामी करवादल्या. "संत ज्ञानसंबंधर दर्शनाला आले तेव्हा याच गावात देवानं नंदीला वाटेतून बाजूला सरकवलं," मामा म्हणाले, "तुझी सीरियल कोण लागून गेली?" मामी गप्प बसल्या. नंदी अजून बाजूलाच आहेत, त्याला त्या काय करणार!

निघायच्या दिवशी मामींनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. कॉफीच्या फिल्टरमागं बुडाला तडा गेलेला कप. त्यात मागच्या रोपाचं गळलेलं पान देठासकट मातीत खोचलेलं, आणि देठापाशी तुरीच्या डाळीएवढी दोन कोवळी पानं.

"काय करता याला?"

"आठवलं तर पाणी घालते," मामी कुजबुजल्या. "आठवतच नाही."

बाहेरून हाक आली, "अगं, तांब्या कुठं ठेवलास?"

मामींनी कपापुढं तांदळाचा डबा सरकवला.