अंघोळ झाली का, मोगली?

रविवारी सकाळी दार लोटून, आवाज बारीक करून मी मोबाइलवर जे बघत होतो, ते बायकोनं पकडलं. मोबाइल हातातून काढून घेतला, क्षणभर पडद्याकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर एक उघडाबंब पोरगा वेलीला लोंबकळत होता.

"अहो, भलतंसलतं काही बघत असतात ना, तर एक वेळ समजून घेतलं असतं," ती म्हणाली.

माझं वय बेचाळीस. घराचा हप्ता आहे, गुडघा वाजतो, आणि माझ्या हाताखाली सहा माणसं काम करतात. त्या सहांपैकी कुणालाही ठाऊक नाही की साहेब अजून 'जंगल बुक' बघतात.

आमच्या घरात मोगली 1993 साली आला, तेव्हा मी भंडाऱ्याला राहत होतो आणि टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. रविवारची सकाळ म्हणजे तीन शत्रू. पहिला वारा, कारण तो अँटेना फिरवायचा. दुसरी लाइट. ती आठवडाभर शहाण्यासारखी असायची आणि नेमका शेर खान झेप घेताना जायची. तिसरी आई. तिचा कायदा जंगलच्या कायद्याहून कडक होता.

"अंघोळ केल्याबिगर टीव्ही लावशील तं पाय."

जो पोरगा बावन्न भागांत एकदाही उटणं लावून घेत नाही, त्याला पाहण्यासाठी मी डोक्यावर तेल थापून, न्हाऊन, भांग पाडून बसत असे. हा अन्याय मी आईला समजावून सांगितला होता. ती म्हणाली, "त्याले लांडग्यानं वाढवलं. तुले मी वाढवतो."

ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीमुळे आमचा बघिरा चोख दिसायचा, पण बाकीचं सगळं जंगल करडं. मोगलीच्या चड्डीचा रंग कोणता, हा त्या वर्षीचा आमच्या वर्गापुढचा सर्वांत मोठा प्रश्न होता. रंगीत टीव्ही वर्गात एकाच्याच घरी. तो फुकट सांगत नसे. एक चिंच दिली की चड्डी लाल, दोन गोळ्या दिल्या की केशरी. परीक्षेत पेपर दाखवला तेव्हा तर त्यानं तिला सोनेरी काठ लावून दिला.

अजगराच्या नावानं आमच्या घरी वेगळाच गोंधळ घातला. बाबा पेपरमागून विचारायचे, "अजगराचं नाव काय रे?"

"का."

"का म्हणजे? सहज इचारलं."

"नाही बाबा, का."

"अबे, बापानं इचारलं तं सांगाव. काहून काय?"

त्या दिवशी अजगर सोडून मी मार खाल्ला.

पण खरा घोळ बूमरँगनं केला. मोगली तो फेकायचा, शत्रूच्या डोक्यात बसायचा आणि पाळलेल्या कबुतरासारखा हातात परत यायचा. मी संत्र्याच्या पेटीच्या दोन फळ्या काढल्या, कोनात ठेवून तीन खिळे ठोकले, एक अंगठ्यालाही ठोकून घेतला, आणि अंगणात उभं राहून तो भिरकावला. तो सरळ गेला. वळण्याचा विचारही त्याच्या मनाला शिवला नाही. शेजारच्या कवेलूंवर पडल्याचा आवाज आला. मग एक कवेलू खाली पडल्याचा. मग शांतता. मग, "कोणाचं पोट्टं आहे बे?"

पाच मिनिटांनी बूमरँग परत आला. काकाजींच्या हातातून आला, एवढाच फरक. शास्त्र चुकलं नव्हतं.

मोठेपणी या मालिकेची कुंडली कळली, आणि ती पाहून मी अजूनच वाया गेलो. किपलिंग 1865 साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. 'जंगल बुक' त्यानं लिहिलं अमेरिकेत बसून आणि ते छापून आलं 1894 साली. त्यातलं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. मालिका काढली जपानी लोकांनी, 1989 साली. ती दूरदर्शनवर हिंदीत बोलू लागली. शीर्षकगीत गुलजारांचं आणि चाल विशाल भारद्वाजांची. राष्ट्रीय वाहिनीवर चड्डीला कवितेचा दर्जा देणारा कवी तोच. आणि शेर खानाला आवाज कुणाचा? मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. एवढ्या खंडांचं पाणी पिऊन आलेला वाघ शेवटी आपल्या कोकणातल्या माणसासारखा खेकसत होता, म्हणून तर त्याची भीती घरगुती वाटायची.

पण मला बसायला लावलं ते नदीनं. पुस्तक हाती आलं तेव्हा त्यात एक नदी भेटली, वैनगंगा. मी पान उलटून परत वाचलं. वैनगंगा? आमची? जिच्यावरच्या कारध्याच्या पुलावरून आम्ही एसटीतून नाणी टाकायचो, ती? नकाशा काढला. सिवनी जिल्ह्यात उगम, मग वळसे घेत भंडारा. म्हणजे मी ज्याच्यासाठी दर रविवारी अँटेना हलवत होतो, तो नदीच्या वरच्या अंगाला राहत होता. तो ज्या पाण्यात डुंबला, त्याच पाण्याची बादली आईनं माझ्या डोक्यावर ओतली होती. काकाजींच्या कवेलूंपेक्षा सिवनीकडे तोंड करून बूमरँग फेकला असता, तर कदाचित परत आलाही असता.

तर बायकोनं विचारलं, "तेच तेच भाग काय बघता?" भाग तेच आहेत, हे खरं. बदललो मी. दहाव्या वर्षी मी मोगली होतो, यात वादच नव्हता. पंचविशीत नोकरीला लागलो तेव्हा बघिरा झालो: सडपातळ, काळे कपडे, कमी बोलणं. चाळिशीत एका रविवारी बालू कण्हत कण्हत उठला आणि जमिनीवरून उठताना त्यानं जो आवाज काढला, तो माझा निघाला. पोट माझं, जांभई माझी, आणि कुणी विचारलं नसताना लहान मुलांना नियम सांगायची खोडही माझी. बालू होणं मी स्वीकारलं. चांगला माणूस आहे तो, म्हणजे अस्वल.

घात केला मुलानं. तो अकरा वर्षांचा आहे, आणि दोन भाग माझ्यासोबत बसून त्याला आवडले ते फक्त तबाकी कोल्ह्याचे प्रसंग. शेर खान बोलला की तबाकी हसतो, शेर खान थांबला की तबाकी मान हलवतो. तेवढ्यात माझ्या साहेबांचा फोन आला. मी उभा राहिलो, हसलो, "अगदी बरोबर, सर" असं तीनदा म्हणालो आणि फोन ठेवला. मुलगा पडद्याकडे बघत होता. मग माझ्याकडे. मग परत पडद्याकडे.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही बालू नाही."

त्यानंतरचा एक महिना मी ऑफिसात कुठल्याच विनोदावर हसलो नाही. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना?

गेल्या दिवाळीत भंडाऱ्याला गेलो. रविवार होता. आईच्या टीव्हीला मोबाइल जोडला, पहिला भाग लावला आणि चहाचा कप घेऊन मांडी घातली. रंगीत, भिंतीएवढा, लाइट आहे, वारा कुठे अँटेना हलवणार? सगळे शत्रू मेलेले. स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अंघोळ झाली का?"

हाताखाली सहा माणसं असलेला मी कप ठेवून उठलो. निमूटपणे न्हाऊन, भांग पाडून बाहेर आलो, तर माझ्या जागेवर आई बसलेली. गॅस बंद होता. चष्मा डोळ्यावर होता. कढईत पोहे तसेच थंड होत होते, आणि आईनं पोहे थंड होऊ दिल्याचं मला आठवत नाही.

"हा बोलतो तोच ना तो वाघ?" तिनं विचारलं.

"हो. तू पाहिलंच असशील की तेव्हा."

"कवा? तुह्यासाठी पाणी तापवू का पोहे करू? मी तं नुसता आवाज आयकला. वाघ कसा असल, मनातच धरला होता." मग तिनं पडद्याकडे निरखून पाहिलं. "माह्यावाला मोठा होता."

मी शेजारी बसलो आणि सवयीनं सांगायला लागलो की पुढे काय होतं, या वाघाचं शेवटी...

आईनं माझ्या मांडीवर चापट मारली.

"सांगू नको. पाहू दे."