चहाचं अत्तर लावणाऱ्यांसाठी आवश्यक सूचना (आनंद नगर विभाग)

भोपाळात रायसेनच्या दिशेनं निघून पिपलानी, रत्नागिरी तिराहा ओलांडला की आनंद नगर येतं. (रत्नागिरीचं नाव ऐकून हापूसची चौकशी करणाऱ्या पाहुण्यांसाठी स्वतंत्र सूचना काढण्यात येईल.) इथं पहाटेपासून कुठल्या ना कुठल्या टपरीवर चहा उकळत असतो. अशा वस्तीत चहाच्या वासाचं अत्तर लावून हिंडणं हे जोखमीचं काम आहे आणि ते नियमानंच व्हायला हवं.

पहिली बाब निवडीची. बाजारात ज्याला चहाचं अत्तर म्हणतात, त्यातलं बरंचसं फ्रेंच चहाचं असतं. 1992 साली जाँ-क्लोद एलेना या अत्तरकारानं बुल्गारी या इटालियन जवाहिऱ्यांसाठी हिरव्या चहाचं अत्तर बांधलं आणि तिथून ही साथ पसरली. 1999मध्ये एलिझाबेथ आर्डेननं आपला हिरवा चहा काढला. वास छानच, स्वच्छ, थंड. पण त्या चहाला ना दूध ठाऊक, ना आलं. तो लावून आनंद नगरात कुणाच्या घरी गेलात, तर काकू दोनदा हुंगतील आणि विचारतील, ‘‘फरशी पुसायला नवीन काही आणलंस का रे?’’ अशा वेळी बुल्गारीचं नाव घेऊ नये. ‘‘हो काकू,’’ म्हणावं आणि बसावं.

खरी गंमत पुढे आहे. एलेनांनी चहाचा भास मुख्यतः दोन रसायनांतून उभा केला, हेडिओन आणि आयोनोन. यातलं आयोनोन 1893मध्ये टीमान आणि क्रुगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तयार केलं, ते सिट्रलपासून. सिट्रल येतं गवती चहाच्या तेलातून. त्या तेलात सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. पुढं कित्येक वर्षं हे तेल मलबारच्या किनाऱ्यावरून युरोपला जात होतं. आता आयोनोन बहुतेक कारखान्यातच बनतं, पण घराण्याचं मूळ तेच. म्हणजे मागच्या दारी, कूलरच्या गळक्या पाण्यावर माजलेलं जे झुडूप आपण कात्रीनं छाटतो, ते बुल्गारीच्या त्या बाटलीचं आजोळ आहे. खानदेश, निमाड, बैतुलकडच्या डोंगरांवरचं रोशा गवतही याच गोतातलं. त्याचं तेल मुंबईहून तुर्कस्तानला जायचं आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात गुपचूप मिसळलं जायचं. त्यातलं जिरॅनिऑल चहाच्या पानातही असतंच. आपल्या गवतांनी जगाला इतकी वर्षं गंडवलं आणि आपण मात्र महिनाअखेरीस बाटलीची किंमत बघून दुकानातून परत फिरतो!

तेव्हा काटकसरी मंडळींनी गवती चहाची दोन पाती चुरगाळून रुमालात ठेवावीत. थेट कातडीवर चोळू नयेत, सिट्रल काहींना चुरचुरतं.

आता लावायची पद्धत. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की अत्तर भराभर उडतं. म्हणून ते मनगटावर नको, बनियनच्या आत, छातीवर लावावं. एकदाच. थोड्या वेळानं वास येईनासा झाला तरी बाटलीला हात लावायचा नाही. आयोनोनची ही जुनी खोड आहे: ते नाकाला थकवतं. वास असतो, फक्त लावणाऱ्याला कळत नाही. काहींना तर त्याचा एक प्रकार जन्मतःच नीट जाणवत नाही. शंका असल्यास घरात आत्या असेल तर तिला विचारावं. बायको दाक्षिण्य दाखवू शकते, आत्या कधीच नाही.

कडक चहाचे हट्टी विचारतील, ‘‘आल्याचा झणका का नाही येत?’’ झणका ज्या जिंजेरॉलमुळे येतो, ते उडत नाही, जिभेलाच लागतं. अत्तरकार बिचारा काय करणार? हीच अडचण जुन्या भोपाळच्या सुलेमानी चहाची. त्यातली खरी करामत चिमूटभर मिठाची, आणि मिठाला वास नसतो. ज्यांना अस्सल भोपाळी परिणाम हवा असेल त्यांनी अत्तर लावून भर दुपारी चौक बाजारात पायी फिरावं. मीठ आपोआप येतं.

सर्वांत नाजूक बाब सामाजिक. या शहरात चहाचा वास येणं हे आमंत्रण समजलं जातं. जिन्यात भेटलेले शेजारी लगेच म्हणतात, ‘‘क्यों खाँ, अकेले-अकेले?’’ यावर ‘हे अत्तर आहे’ असा खुलासा करू नये. तो कुणालाही पटत नाही आणि माणूस कंजूष आहे एवढंच कॉलनीभर होतं. अत्तराच्या बाटलीबरोबर रोज अर्धा लिटर दूध जादा लावून घ्यावं, तो तिच्या किमतीचाच भाग आहे. संध्याकाळी चार ते सहा या वेळात तर हे अत्तर फक्त सढळ हाताच्या माणसांनीच वापरावं.

मुलगी पाहायला जाताना मात्र पूर्ण मनाई. यजमानांच्या नाकाला वास गेला की मंडळी बाहेरून चहा घेऊनच आली असं त्यांना वाटतं, आणि पोह्यांमागून निघालेला ट्रे दारातूनच परत फिरतो. तो नकार समजू नये. मुलाच्या मामांनी आधी खाकरून पाहावं. तेवढ्यानं भागलं नाही तर, ‘‘माझ्यात साखर कमी हं,’’ असं आतल्या दिशेनं मोठ्यानं सांगावं.